चार पडद्यांचं ऑफिस, मासळीच्या वासासकट

ओस्टरझाइल,
सोमवार, वारा उत्तरेचा

तीर्थस्वरूप हिल्के मावशीस,

रिंत्सेचा नमस्कार. साष्टांग घालायचा बेत होता, पण आमच्या पुढच्या खोलीत सध्या माणसाला आडवं व्हायला जागा नाही (का नाही, तेच सांगायला हे पत्र आहे), तेव्हा उभ्याउभ्या केलेला गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? गेल्या खेपेला तू लिहिलं होतंस की चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प असतो. निन्केचं म्हणणं, मग मावशींनी नुसतं उतरत राहावं. (ती पोहायला शिकवते ना, तिला सगळ्या दुखण्यांवर एकच औषध ठाऊक: पाण्यात उतरा.) बेटावर वारा फार आहे असं रेडिओवर सांगत होते. तुझ्या मेंढ्याने नव्या पोस्टमनलाही ढुशी दिली का? दिली असेल तर हे पत्र तुला कुंपणाबाहेरच्या झुडपात सापडेल. तिथे आधी बघ. क्रॅनबेरीचा मुरांबा पोचला, संपला, आणि बरणी धुऊन ठेवली आहे. बरणी मुद्दाम कळवतो, कारण तू बरणी विसरत नाहीस.

आता माझं. माझा पूल गेला हे तुला माहीत आहे. म्हणजे पूल आहे तिथेच आहे, गेलो तो मी, पूलवाल्याच्या नोकरीतून. आता लेउवार्डेनला एका उबदार खोलीत एक बाई पडद्यांसमोर बसते आणि बोटीचा भोंगा वाजला की तिथूनच आमच्या कालव्यावरचे सगळे पूल वर-खाली करते. बाईंबद्दल माझी तक्रार नाही. निरोपाच्या दिवशी त्या स्वतः आल्या होत्या, केकचा तुकडा घेतला आणि म्हणाल्या, "तुमचा पूल जरासा डावीकडे चिकटतो, नाही का?" तो चिकटतो हे मला आणि पुलालाच ठाऊक होतं. त्या दिवशी मी घरी येऊन खुर्चीत बसलो तो महिनोन्‌महिने बसूनच राहिलो. लांबून भोंगा ऐकू आला की उठायचो, खिडकीपाशी जायचो, सायकलवाल्यांना थांबा म्हणून हात करायचो आणि परत येऊन बसायचो. शेजारपाजारचे सायकलवाले बिचारे थांबतही. शेवटी निन्के म्हणाली, "हे बघ, तू काहीतरी कामाला लाग, नाहीतर मी आमच्या पोहण्याच्या तलावावर तुझ्यासाठी शब्द टाकते. तिकिटाच्या खिडकीवर माणूस हवा आहे." मावशी, ती खिडकी तू पाहिली नाहीस. तिच्यातून फक्त ओले हात दिसतात.

तेव्हा मी म्हटलं, मी घरून शेअर बाजाराचं काम करतो. तू हसू नकोस, आधी ऐकून घे. पूलवाल्याचं काम काय असतं? तासन्‌तास पाण्याकडे बघत बसायचं आणि नेमक्या वेळी बटण दाबायचं. शेअर बाजारातही हेच करतात असं मी वाचलं, फक्त पाणी नसतं. निन्केने माझ्यासमोर खुर्ची ओढली. मग म्हणाली, "ईस्टरपर्यंत. पुढच्या खोलीतला खिडकीकडचा भाग तुझा. ऑफिस उभारायला चारशे युरो, त्यात खुर्चीही आली. ईस्टरला मला यात काही अर्थ दिसला नाही तर तिकिटाची खिडकी." आम्ही हात मिळवला. (आमच्या लग्नातही इतक्या गंभीरपणे हात मिळवल्याचं मला आठवत नाही.)

खुर्ची स्वयंपाकघरातली घेतली, ती फुकट. कॉम्प्युटर आमच्या भाच्याने टाकून दिलेला होता, तोही फुकट. राहिले मॉनिटर. मला वाटलं होतं, एक मॉनिटर आणायचा, टेबलावर ठेवायचा, झालं. पण मी चूक केली आणि लेउवार्डेनच्या मोठ्या दुकानात सल्ला विचारायला गेलो. तिथला विक्रेता फार अदबीचा माणूस. मी ‘शेअर’ असं म्हटल्याबरोबर त्याने मला खुर्ची दिली, कॉफी दिली आणि विचारलं, "किती पडदे घ्यायचे ठरवलेत?" मी म्हटलं, एक. तो असा हळहळला की जणू मी एका पायाच्या मोज्याची चौकशी केली होती. मग त्याने समजावलं: एका पडद्यावर भाव, दुसऱ्यावर आलेख, तिसऱ्यावर बातम्या, चौथ्यावर आपले स्वतःचे शेअर, पाचव्यावर जगातले बाकीचे बाजार. "आणि सहाव्यावर?" मी विचारलं. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, "सहावा असलेला बरा." त्याने मला एक वाकडा पडदाही दाखवला. आपल्या दोन्ही बाजूंनी मिठी मारल्यासारखा वळलेला, त्यात म्हणे नजर हरवत नाही. किंमत पाहिली तेव्हा नजर हरवली. त्या एकट्या पडद्यात माझं ऑफिस, खुर्ची आणि ईस्टर सगळं बुडालं असतं. मी दुसरा कप कॉफी घेतला (तो फुकट होता, आणि मला त्याची गरज होती) आणि चमकणारा पडदा बरा की न चमकणारा, बाजूने बघितलं तर रंग फिके पडतात का, उंची खालीवर होते का, असं सगळं विचारून कागदावर टिपून घेतलं. त्यानेही न कंटाळता सांगितलं. निघताना मी त्याला ‘विचार करून कळवतो’ म्हटलं, तेव्हा त्याने ज्या नजरेने पाहिलं त्यावरून तो जन्माने आपल्या फ्रीसलंडचाच असावा: माझा चिकटपणा त्याने लगेच ओळखला.

घरी येऊन निन्केला सहा पडद्यांचं सांगितलं. ती कांदा चिरत होती. "डोळे किती आहेत तुला?" एवढंच म्हणाली.

मग मी वापरलेल्या वस्तूंच्या जाहिराती बघायला लागलो. मावशी, या देशात कुणी काही फेकत नाही हे मला ठाऊक होतं, पण काय काय विकतात हे ठाऊक नव्हतं. फ्रानेकरचा एक निवृत्त दातांचा डॉक्टर भलामोठा मॉनिटर विकत होता, ‘अत्यंत सुस्पष्ट, अत्यंत महाग घेतलेला, आता स्वस्त’. गेलो. सद्‌गृहस्थाने चालू करून दाखवला, त्यावर एक दाढ होती. दाढ अशी की मुळांपर्यंत दिसावी! मी आयुष्यात इतकं स्वच्छ काही पाहिलं नव्हतं. लगेच पैसे दिले, सायकलला बांधला आणि घरी आणला. लावल्यावर लक्षात आलं की तो क्ष-किरणांच्या चित्रांसाठी बनवलेला पडदा आहे, त्याला रंगच नाहीत. शेअर बाजारात भाव वर गेला की हिरवा दिसतो, खाली गेला की लाल. माझ्याकडे दोन्ही राखाडी. नफा झाला की नुकसान, हे मला दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात बघावं लागलं. मी डॉक्टरला फोन केला. तो म्हणाला, "मी सुस्पष्ट म्हटलं होतं, रंगीत म्हटलं नव्हतं." हे खरं होतं. निन्केला मात्र तो पडदा आवडला. ती म्हणाली, सगळ्या घरात हाच एक शांत स्वभावाचा आहे. (आता त्यावर ती पोहण्याच्या वर्गाचं वेळापत्रक लावते. ते अत्यंत सुस्पष्ट दिसतं.)

उरलेल्या पैशांत निदान एक बरा रंगीत पडदा आला असता, आणि शहाण्या माणसाने तोच घेतला असता. पण त्याच आठवड्यात जाहिरात आली: चार मॉनिटर, भिंतीवर लावायच्या लोखंडी हातांसकट, सगळे मिळून एकाच नगाच्या भावात. विकणारा होता आपल्याच धक्क्यावरचा बंद पडलेला मासळीचा लिलाव. तुला तो हॉल आठवत असेल: पायऱ्यापायऱ्यांची बाकं, प्रत्येक बाकाला एक बटण, आणि समोर भाव. तो आता कुलूपबंद आहे, लिलाव दूरच्या मोठ्या बंदरात गेला आणि व्यापारी घरूनच बटणं दाबतात. (बघ, घरून बटण दाबायचं सगळ्यांनाच जमतं, मग मलाच का जमू नये?) पडदे रंगीत होते, न चमकणारे होते, बाजूने बघितलं तरी रंग टिकून होते, माझ्या कागदावरच्या सगळ्या परीक्षांत पास. हॉलमध्ये थंडी होती, पडदे थंड होते, आणि थंड असताना त्यांना कसलाही वास येत नव्हता. हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. चारही पडदे मी समोरच्या ग्रीटबाईंच्या, पुढे खोका असलेल्या सायकलवरून आणले, समोरून वारा इतका की धक्क्याच्या वळणावर मी आणि चार मॉनिटर बराच वेळ जागच्या जागीच पेडल मारत होतो.

भिंतीला भोकं पाडली (निन्के वर्गावर असताना), हात बसवले, पडदे अडकवले. मग कळलं की भाच्याच्या कॉम्प्युटरला दोनच पडदे जोडता येतात. चार जोडायला आत आणखी एक पाटी (कार्ड म्हणतात तिला) बसवावी लागते, ती पाटी त्या कॉम्प्युटरपेक्षा महाग. तेव्हा मी स्वस्तातली दुभागणारी केबल आणली. आता चारही पडदे चालतात, पण डावीकडच्या दोघांवर एकच चित्र आणि उजवीकडच्या दोघांवर एकच. म्हणजे नुकसान झालं तर मला ते दोनदा दिसतं. नफ्याचंही तसंच आहे, असं मी निन्केला सांगितलं. तिने नफा कुठे आहे ते विचारलं नाही; हा तिचा मोठेपणा.

पहिल्या सकाळी बाजार उघडला, पडदे तापले आणि खोलीत भरतीच्या वेळच्या धक्क्याचा वास उतरला. मावशी, वर्षानुवर्षं त्या पडद्यांच्या मागच्या जाळ्यांमधून मासळीची वाफ आत गेलेली. थंड असताना ती झोपते, तापली की उठते. आधी ते चपटे लेप मासे, मग करंदी, आणि दुपारी अमेरिकेचा बाजार उघडायच्या सुमाराला जुना कॉड. गल्लीतली मांजरं खिडकीच्या चौकटीवर येऊन बसली. एक सीगल आला आणि काचेवर चोच आपटायला लागला. शिवाय दुसरी गंमत अशी की त्या पडद्यांवर वर्षानुवर्षं तीच अक्षरं उभी राहिल्यामुळे त्यांची सावली कायमची उमटली आहे. नीट बघितलं तर माझ्या भावांच्या मागे फिकट अक्षरांत दिसतं: ‘लेप, मोठा. लेप, मध्यम. करंदी, सोललेली.’ एकदा मी बिअरच्या कंपनीचा भाव बघत होतो आणि निन्केने मागून विचारलं, "मध्यम लेपाचे शेअरही निघाले का?"

खिडकीचं तुला ठाऊकच आहे. आपल्याकडे पुढच्या खोलीच्या खिडकीचे कापडी पडदे कुणी ओढत नाही. ओढले तर समोरच्या ग्रीटबाई दहा मिनिटांत सूप घेऊन दारात येतील आणि कोण गेलं म्हणून विचारतील. त्यामुळे माझं ऑफिस म्हणजे दुकानाची काचच झाली. जाणारे-येणारे थबकायचे. आणि तिसऱ्या की चौथ्या दिवशी मान वर करून बघतो तर बाहेर त्यालिंग उभा. तोच त्यालिंग, काकांच्या बोटीवर असायचा तो. आता त्याची स्वतःची छोटी बोट आहे, पण लिलाव दूर गेल्यापासून पेटीभर मासळीसाठी तेवढं लांब जाणं परवडत नाही, म्हणून बोट बहुतेक बांधलेलीच. त्याच्याबरोबर आणखी दोघं-तिघं लिलावाचे जुने सोबती. सगळे खिशात हात घालून, टोप्या कानांवर ओढून, माझ्या पडद्यांकडे टक लावून. त्यांनी ते पडदे लगेच ओळखले होते. माणूस आपली जुनी गाय ओळखतो तसे.

आता हे समजून घे, की आपल्या मासळीच्या लिलावात भाव वरून खाली येतो. आकडा उंचावर सुरू होतो आणि घसरत जातो, आणि जो आधी बटण दाबतो त्याचा माल. लवकर दाबलं तर महाग पडतं, वेळ लावला तर दुसरा नेतो. या माणसांच्या हाडात ते भिनलेलं. त्या दिवशी मी बोटी बांधणाऱ्या एका कंपनीचा शेअर बघत होतो आणि त्याचा भाव घसरायला लागला. मी घाबरलो. बाहेर मात्र चैतन्य पसरलं. टोप्या मागे सरकल्या, हात खिशातून बाहेर आले. भाव आणखी घसरला. कुणी श्वास घेईना. आणखी घसरला. त्यालिंग काचेवर दोन्ही हातांनी धपाधप मारायला लागला आणि ओरडला, "दाब, गाढवा! दाब! हातचा जाईल!"

मी दाबलं. आयुष्यभर कुणी भोंगा वाजवला की बटण दाबायची सवय, मावशी. बोटींच्या कंपनीचे शंभर शेअर एका दमात घेतले. बाहेर टाळ्या पडल्या. त्यालिंगने अंगठा वर केला. मग भाव आणखी खाली गेला, पण त्यांना त्याचं काही नाही. त्यांच्या हिशेबी माल घेतला म्हणजे लिलाव संपला. दुसऱ्या दिवशी तोच शेअर वर चढायला लागला, मी आनंदाने खुर्चीतून उठलो आणि खिडकीत बघतो तर सगळे नाक मुरडून उभे. त्यालिंगने दार वाजवलं. "रिंत्से," तो म्हणाला, "तुझं घड्याळ बिघडलंय. उलटं चाललंय." मी त्याला आत घेऊन समजावायचा खूप प्रयत्न केला की इथे भाव वर गेला की चांगलं. तो म्हणाला, "कुणाला चांगलं?" मी म्हटलं, मला. त्याने माझ्याकडे अशा काही चेहऱ्याने पाहिलं की मला स्वतःलाच ते जरा आगाऊपणाचं वाटलं.

एकदा आत आला म्हटल्यावर तो रोजच यायला लागला. बाकीचेही. बाहेर गारठा होता, आणि खोलीतला वास त्यांना घरच्यासारखा. मी प्रत्येकाला कॉफी आणि एकेक बिस्किट द्यायचो आणि डबा बंद करायचो, रीतीप्रमाणे. ग्रीटबाई सूप न घेताच आल्या, तेव्हा मला कळलं की आता हे नेहमीचंच झालं. मांजरांनाही आत घ्यावं लागलं. माझ्या खुर्चीमागे बाकं मांडल्यासारखे सगळे ओळीने बसत, आणि भाव घसरला की खोलीत अशी शांतता पसरे की पडद्यांची गुणगुण ऐकू यावी. मला सांगायला लाज वाटत नाही, पूल गेल्यापासून पहिल्यांदाच सकाळी मला उठावंसं वाटायला लागलं.

मग गेल्या गुरुवारी त्यालिंग पेटी घेऊन आला. बर्फात लेप आणि तळाशी थोडी करंदी, लेप इतके ताजे की एक अजून शेपटी हलवत होता. म्हणाला, "सकाळी बोट काढली. का कोण जाणे, काढावीशी वाटली. आता हे घेऊन कुठे जाऊ? तुझ्याकडे पडदे आहेत." मी म्हटलं, हे शेअरचे पडदे आहेत. तो म्हणाला, "शेअरचे तर काल झालेत, आधी लेपाचेच होते." मी बाजार बंद केला, मोठ्या अक्षरांत ‘लेप, मोठा’ असं लिहिलं (ते त्याच जुन्या सावलीवर बरोबर बसलं), वर एक आकडा टाकला, आणि कीबोर्डवर बसून एकेक आकडा हातानेच खाली आणायला लागलो. चारही पडद्यांवर. खिडकीतून दिसल्यामुळे रस्त्यावरचे लोकही आत शिरले. बेकरीवाली पिठाचे हात घेऊन आली. बटणं नव्हती, म्हणून ठरलं की ज्याने आधी ‘माझा’ म्हटलं त्याचा. पहिला नग ग्रीटबाईंनी भाव जेमतेम हलला तोच ओरडून घेतला आणि सगळे त्यांना हसले. "महाग घेतलात!" "घेतला तर घेतला, माझ्या पैशाने घेतला, तुझ्या नाही!" मग रंग चढला. माणसं दम धरून बसायला लागली, एकमेकांकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायला लागली. त्यालिंग स्वतःचाच माल दुसऱ्यांनी नेताना बघून आनंदाने लाल झाला होता.

आणि दार उघडून निन्के आत आली. वर्ग लवकर सुटला होता. केस ओले, खांद्यावर पिशवी. तिने पाहिलं ते असं: आपली पुढची खोली माणसांनी भरलेली, गालिच्यावर बर्फाचं पाणी, सोफ्यावर मांजरं, भिंतीला भोकं (ती तिने त्या दिवशीच नीट पाहिली), आणि तिचा नवरा चार पडद्यांसमोर ‘लेप, मोठा’चा भाव खाली आणतोय. माझ्या डोळ्यांसमोर ती तिकिटाची खिडकी आली आणि तिच्यातून पुढे येणारे ओले हात आले. घाबरून मी कीबोर्डवरचा हातही उचलला नाही, त्यामुळे आकडा आपला घसरतच राहिला. निन्केने माझ्याकडे पाहिलं. पेटीतल्या माशाकडे पाहिलं. पडद्याकडे पाहिलं. आकडा आणखी खाली आला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि मला दिसलं की तिचे ओठ हलतायत. आणखी खाली. बेकरीवालीने श्वास घेतला, तोंड उघडलं...

"माझा!" निन्के ओरडली. पोहायच्या तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला हाक मारतात तसं. खिडकीतला सीगल उडाला.

सगळी खोली हसायला लागली. त्यालिंग म्हणाला, "हिला शिकवायला नको." निन्के बेकरीवालीला सांगत होती, "तुम्ही श्वास घेतलात ना, तिथेच मला कळलं." पिशवी खाली टाकून ती माझ्या शेजारी स्टुलावर बसली आणि मला कोपराने ढोसत म्हणाली, "आता करंदी लाव." पेटी रिकामी झाली तेव्हा बाहेर अंधारायला लागलं होतं. लोक गेले, मांजरं गेली नाहीत. मी लोण्यात लेप तळला, आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात उभ्यानेच खाल्ला, कारण खुर्ची ऑफिसात होती. निन्के काटे काढत काढत मध्येच हसायची. मग म्हणाली, "ईस्टरचं राहू दे. पण माझ्या गालिच्यावर पुन्हा नाही." नगरपालिकेच्या बाई दुसऱ्या दिवशी येऊन चौकशी करून गेल्या, त्यालिंगकडे बोटीवरची मासळी थेट विकायचा परवाना आहे, पण दिवाणखाना म्हणजे बोट नव्हे असं त्या म्हणाल्या. मी वाद घातला नाही. त्यांनी पुढचा लिलाव कधी ते विचारून घेतलं.

तर अशी सगळी हकिकत. तब्येत सांभाळ, गुडघ्याला ऊब दे, मेंढ्याला बांध. बरणी निन्केने कपाटात वेगळी ठेवली आहे. उत्तराची वाट बघतो.

तुझा भाचा,
रिंत्से

ता. क. शंभर शेअर वगैरे वाचून तुझा जीव खालीवर झाला असेल, तर सांगून टाकतो: ते खातं सरावाचं आहे. त्यात पैसे खोटे असतात, शिकणाऱ्यांसाठी. खऱ्या खात्यात मी अजून एक युरोही घातलेला नाही, आणि खरं सांगायचं तर घालावासा वाटतही नाही. हे त्यालिंगला सांगू नकोस. तो सगळीकडे सांगत फिरतो की बोटींच्या कंपनीत आमचे शेअर आहेत. आमचे, असं म्हणतो.

ता. क. २. आणि मावशी, एक विचारायचं राहूनच गेलं. धक्क्यावर काकांची जाळी ठेवायची ती खोप आहे ना, काळ्या फळ्यांची? तिला वीज आहे, दार रुंद आहे आणि जमिनीला उतार आहे, म्हणजे पाणी आपोआप वाहून जातं. काका गेल्यापासून कुणी उघडलेली नाही. तिची किल्ली तुझ्याकडे असेल. काकांच्या वस्तूला हात लावायचा म्हणजे तुला कसं वाटेल ते मला समजतं, त्यामुळे नाही म्हणालीस तरी मला अजिबात वाईट वाटणार नाही (थोडं वाटेल). विचार करून सावकाश कळव. घाई मुळीच नाही.

ता. क. ३. मावशी, नमस्कार. मी निन्के. पाकीट चिकटवायचं काम माझ्याकडे आलंय आणि हा आत सगळ्यांची कॉफी करतोय, म्हणून भराभर लिहिते. एवढी पानं लिहून हा माणूस शेवटी किल्लीवर आला, आणि तेही घाई नाही म्हणून! किल्ली शोधत बसू नका. मी फोनवर खोपीचं विचारलं आणि तुम्ही ‘काकांना आवडलं असतं’ म्हणालात, त्याच दिवशी त्यालिंगने कुलूप कापलं, कारण ते गंजून दगड झालं होतं. जाळी झटकून वर टांगली आहेत, आत चुना मारला आहे, ग्रीटबाईंनी बाकं मिळवली. याला काही माहीत नाही. येत्या शनिवारी सकाळी आम्ही याला काहीतरी निमित्त काढून तिकडे नेणार आहोत. सोबत नव्या कुलपाची किल्ली पाठवते. दुसरी त्यालिंगकडे आहे, पण मालकीण तुम्ही, तेव्हा दार तुम्हीच उघडायचं. पहिल्या बोटीने या, धक्क्यावर मी गाडी घेऊन उभी असेन. आणि एक सांगू? पूल गेल्यापासून याने शिट्टी वाजवली नव्हती. आत्ता कॉफी करताना वाजवतोय. फार वाईट वाजवतो. लवकर या, ऐकायला.